डेपोमागचं कॉलेज

६ जून

बाबू,

आशीर्वाद वगैरे शेवटी लिहीन, तोवर राग उतरला तर. फोन केला की तू "गिऱ्हाईक आलंय ताई" म्हणून ठेवून देतोस, म्हणून पत्र लिहिते आहे. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

आईने काल सांगितलं की तुझ्या खडूने डेपोमागच्या कॉलेजात नाव घातलं. मी आधी हसले. म्हटलं, आईने काहीतरी भलतंच ऐकलं असेल. टेकडीवरच्या कॉलेजच्या पहिल्या यादीत तुझ्या पोरीचं नाव होतं, बाबू. पहिल्या यादीत! त्यासाठी लोक देव पाण्यात घालून बसतात. आणि तू प्रवेशाची तारीख सरळ जाऊ दिलीस?

लॉच्या आधी बी.ए. कुठून केलं याने काय फरक पडतो, हे मला शिकवू नकोस. माझं आयुष्य कोर्टात गेलंय. नवा ज्युनियर आला की त्याचे मार्क कुणी विचारत नाही, कुठल्या कॉलेजचा ते विचारतात. टेकडीवरचा असला तर खुर्ची देतात, नसला तर उचलायला फायली देतात. डेपोमागच्या त्या कॉलेजात मी एकदा वक्तृत्व स्पर्धेची परीक्षक म्हणून गेले होते. पोरांच्या भाषणांपेक्षा कुठली बस कुठल्या फलाटाला लागली तेच जास्त ऐकू येत होतं.

फीची अडचण असेल तर मी भरते. राहायला माझं घर आहे. पुढे लॉ, आणि मग माझं ऑफिस. सगळं ठरल्यासारखंच होतं, आणि तू पाय घातलास. तुझ्या शिकवायच्या गाडीत तुझ्या पायाशीही ब्रेक असतो ना? शिकणाऱ्याने जरा वेग घेतला की तू दाबतोस. पोरीच्या बाबतीतही तेच केलंस.

राग उतरला नाही.

ताई

१४ जून

ताईस नमस्कार.

पत्र पोचलं. हो, मी ठरवलं. माझी मुलगी, माझं घर, माझा निर्णय. तुला विचारलं नाही, कारण तुला विचारलं की तू सांगत नाहीस, निकाल देतेस.

माझ्याकडे एक सरकारी वकीलबाई गाडी शिकायला येतात. त्यांना विचारलं. म्हणाल्या, लॉच्या प्रवेशपरीक्षेला सगळे सारखेच बसतात, पेपर तपासणाऱ्याला तुम्ही टेकडीवरून आलात की खड्ड्यातून ते कळतही नाही. त्या स्वतः कुठल्याशा सकाळच्या कॉलेजच्या आहेत. क्लच अजून जमत नाही त्यांना, पण खटले जिंकतात. खरा खर्च लॉचा आहे. आधीच सगळं उधळून तिथे रिकाम्या हाताने जायचं, असली हौस मला परवडत नाही.

तुझ्याकडे राहण्याचं म्हणशील तर मागच्या वेळी तू आलीस तेव्हा चहा घ्यायच्या आधी फडताळावरून बोट फिरवून बघितलंस. खडूची आई अजून पाहुणा येणार म्हटलं की आधी फडताळ पुसते. अशा बोटाखाली माझी पोरगी तीन वर्षं काढणार नाही.

आई बरी आहे. तुझी आठवण काढते. का काढते, मला माहीत नाही.

बाबू

२२ जून

बाबू,

तुझ्या वकीलबाईंचं मत वाचून धन्य झाले. क्लच जमत नसणाऱ्या माणसाचा सल्ला घेऊन तू पोरीचं आयुष्य ठरवतोस.

मी काल टेकडीवर जाऊन प्राचार्यांना भेटले. आयुष्यात कधी कुणाकडे तोंड वेंगाडलं नाही, ते तुझ्यामुळे करावं लागलं. एक जागा त्यांनी महिनाअखेरपर्यंत ठेवलीय. खडू अठराची झाली. सही तिची लागते, तुझी नाही. मी रविवारी गाडी घेऊन येते आहे. तिची बॅग भरून ठेवा.

आणि आता मनातलं बोलते. मी शिकले, तू मागे राहिलास. हे तुला आजवर टोचत आलंय आणि त्याचा सूड तू पोरीवर काढतोस. ती माझ्यासारखी झाली तर तुला घरातही मान वर करून बघावं लागेल, ही तुझी भीती आहे.

ती आली नाही, तर माझ्या ऑफिसचं दार तिला कायमचं बंद. तसं तिला सांग. तुझ्यात सांगायची हिंमत नसेल तर मी दारात उभी राहून सांगेन.

ताई

२५ जून

ताई,

मी कॉलेजात दोनदा नापास झालो. तुझ्या फीत घरचे पैसे गेले म्हणून नाही, घरच्या अडचणीमुळे नाही. मला अभ्यास आवडत नव्हता आणि गाड्या आवडत होत्या. अजून आवडतात. घाबरून हात थरथरणारं माणूस महिन्याभरात चढावर गाडी उभी करून परत सुरू करतं, तेव्हा मला जे वाटतं ते तुला खटला जिंकून वाटत असेल की नाही, शंका आहे. मी मागे राहिलो असं तुला वाटत असेल. मी त्या रस्त्याने निघालोच नव्हतो.

रविवारी येऊ नकोस. आलीस तर मी काय बोलेन, मला सांगता येत नाही.

बाबू

१० जुलै

आत्या,

बाबांना न सांगता लिहिते आहे. तू रविवारी येऊन गेलीस त्याला आता दोन आठवडे होत आले, पण घरात अजून कुणी नीट बोलत नाही.

तू दारातच उभी राहिलीस. आत ये म्हटलं तरी आली नाहीस. "ड्रायव्हरची अक्कल स्टिअरिंगपुरतीच," असं म्हणालीस, आणि ते समोरच्या गॅलरीपर्यंत ऐकू गेलं. बाबा गप्प राहिले. तुला वाटलं, त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर होतं. ते मी आहे.

टेकडीवरचा प्रवेश मी सोडला, बाबांनी नाही.

बाबांनी मला सकाळच्या बसमध्ये बसवून दिलं होतं. फॉर्म, फोटो, दाखले सगळं बरोबर होतं. मी रांगेत उभी होते. खिडकीतल्या बाईंनी फॉर्म चाळला. स्थानिक पालक म्हणून तुझं नाव होतं. त्या उठूनच उभ्या राहिल्या. "अगं, मॅडमची भाची तू! मग रांगेत कशाला उभी राहिलीस?" मला आत नेलं, पंख्याखाली बसवलं. उपप्राचार्य येऊन म्हणाले, "आत्याचं नाव राखायचं हं." मग आणखी एक सर आले, ते म्हणाले, "आत्यासारखं बोलता येतं का?" शिपायाने चहा आणला तोही "मॅडमच्या भाचीला" म्हणून. तासभर मी तिथे बसले होते, आत्या. माझं नाव एकानेही विचारलं नाही. काचेतून रांग दिसत होती. माझ्या मागे जी मुलगी उभी होती, ती अजून तिथेच उभी होती.

मी फोटो विसरल्याचं सांगून बाहेर आले आणि परतीची बस धरली.

बाबा दोन दिवस माझ्याशी भांडले. "दुसरी गाडी विकतो, पण तू टेकडीवर जा," म्हणाले. मी म्हटलं, "गाडी आत्ता विकली तर लॉच्या वेळी काय विकणार?" मग म्हणाले, "ताईची मदत घे." मी नाही म्हटलं. तू आम्हाला धुण्याचं मशीन दिलंस, आठवतं? तेव्हापासून फोन केलास की आधी विचारतेस, "माझं मशीन कसं चाललंय?" आणि मग आजीची चौकशी करतेस. तू माझी फी भरली असतीस तर मीही तुझं मशीन झाले असते.

शेवटी बाबा म्हणाले, "ठीक आहे. पण ताईला मी सांगणार. तुझ्यावर तिचा राग नको. तुला पुढे तिची गरज लागेल." तुझी सगळी पत्रं त्यांनी अशी झेलली. मला ती परवा आजीच्या उशीखाली सापडली. बाबांनी तिला वाचायला दिली होती. मला कुणी काही बोललं नव्हतं.

आता तू मला काय बोलायचं ते बोल. पण बाबांची माफी माग.

खडू

१८ जुलै

खडू,

पत्र वाचलं. भाषा बरी आहे.

तुला वाटतं तू काहीतरी मोठं केलंस. लोकांनी खुर्ची दिली म्हणून तू चिडलीस. मला ती कुणी दिली नव्हती. मी टेकडीवर शिकत होते तेव्हा मुलींना बसायला धड खोलीही नव्हती, जिन्याखाली डबा खायचो. आज माझ्या नावाने तिथे एका मुलीला पंख्याखाली बसवतात, ते मी कमावलंय. तू ते पाय लावून ढकललंस आणि वर मला मशीनचा हिशेब सांगतेस.

माझं नाव तुला ओझं वाटत असेल तर ते आजपासून उतरलं. माझ्या ऑफिसात तुला जागा नाही. माझ्या ओळखीने कुठेही जाऊ नकोस, मी ओळख देणार नाही. त्या कॉलेजात तीन वर्षं बसच्या घोषणा पाठ कर. मग लॉची परीक्षा दे, आणि निकाल लागला की आरशासमोर उभी राहून तुझ्या स्वाभिमानाला विचार, किती मार्क पडले.

माफी मी मागत नसते. बाबूने मला खरं सांगितलं नाही, ही त्याची चूक.

आत्या

२ जून
(तीन वर्षांनंतर)

खडू,

आईकडून कळलं. लॉच्या परीक्षेत नंबर लागला नाही.

मी सांगितलं होतं. ते वाक्य लिहायला मी तीन वर्षं थांबले, त्यामुळे लिहिल्याशिवाय राहवत नाही. टेकडीवरच्या माझ्या ओळखीतल्या चार पोरी पहिल्या फटक्यात गेल्या. त्यातली एकही तुझ्याइतकी हुशार नाही.

एका खासगी लॉ कॉलेजच्या संस्थेवर मी आहे. व्यवस्थापनाच्या कोट्यातून जागा होऊ शकते. तुझ्यावर दया म्हणून नाही, आईने फोनवर रडून जीव खाल्ला म्हणून. हो की नाही, एका ओळीत कळव.

आत्या

११ जून

आत्यास नमस्कार.

नाही.

एका ओळीत कळवलं. बाकीचं तुम्ही विचारलेलं नाही, तरी लिहिते.

तुमचं बरंचसं खरं होतं. आमच्याकडे अर्थशास्त्राला दुसऱ्या वर्षी शिक्षकच नव्हते. ग्रंथालयात कायद्याची पुस्तकं होती, पण इतकी जुनी की निम्मे कायदे बदलून गेलेत. सांगायला कुणी नव्हतं, म्हणून मी परीक्षेसाठी भलतंच वाचत बसले. टेकडीवर असते तर कदाचित पहिल्या फटक्यात गेले असते. हे मी बाबांना सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं, पेपरच अवघड होता.

पुढच्या वर्षी परत बसणार. तोवर सकाळी बाबांच्या शाळेत बायकांना गाडी शिकवते आणि दुपारी अभ्यास करते.

एक गोष्ट मात्र डेपोमागे राहिल्यामुळेच झाली. कॉलेजच्या मागच्या फाटकातून कोर्ट दिसतं. तास झाला नाही की मी तिथे जाऊन मागच्या बाकावर बसायचे. कुणी हटकत नाही. मार्चमध्ये तुम्ही तिथे आला होतात. आमच्या गावात, घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि घरी आला नाहीत. गोदामाच्या त्या रखवालदाराला कंपनीने काढलं, त्या खटल्यात तुम्ही कंपनीच्या बाजूने होतात. तुम्ही त्याला बघता बघता उभा आडवा सोलला. समोरच्या वकिलांनी एक आक्षेप घ्यायला हवा होता. त्यांनी घेतला नाही. मी असते तर घेतला असता.

खडू

१५ जून

कुठला आक्षेप?

('तुम्ही' म्हणायला लागलीस. डेपोमागे तेवढं तरी शिकवलं.)

२० जून

आत्यास नमस्कार.

कंपनीचं म्हणणं होतं, तो झोपला म्हणून चोरी झाली. तो म्हणत होता, झोपलो नव्हतो, मागच्या बाजूला फेरी मारायला गेलो होतो. जबाब तसाच होता, शेवटपर्यंत.

तुम्ही त्याला विचारलं, "तुम्ही झोपलात तेव्हा फाटकावरचा दिवा चालू होता की बंद?"

तो घाबरला होता. त्याने दिव्याचं उत्तर दिलं. "बंद," म्हणाला. तुम्ही लगेच न्यायाधीशांकडे वळलात आणि म्हणालात, "नोंद घ्यावी, साक्षीदाराला झोप मान्य आहे."

त्याने झोप मान्य केलीच नव्हती. तुम्ही दोन प्रश्न एकात गुंडाळले होते आणि तो दुसऱ्याचंच उत्तर देत होता. त्याच्या वकिलांनी तिथेच उठायला हवं होतं. ते फाईल शोधत होते. त्या एका शब्दावर तो हरला. साक्ष झाली त्या दिवशी तो जिन्यावर बसून बायकोला सांगत होता, "मी दिव्याचं बोललो गं, दिव्याचं." मी शेजारून गेले. तुम्ही पण गेलात.

त्याने अपील केलंय. त्याच्या वकिलांच्या ऑफिसात मी उद्या जाऊन हे सांगणार आहे. तुम्हाला आधी कळवते आहे. पाठीमागून केलं, असं नंतर वाटायला नको.

खडू

२८ जून

खडू,

साक्षीदार घाबरला असेल तर त्याला सांभाळणं त्याच्या वकिलाचं काम, माझं नाही. मी माझ्या पक्षकाराची फी घेते, समोरच्याची नाही. तू अजून लॉच्या पायरीवरही चढलेली नाहीस आणि मला कोर्ट शिकवतेस.

जा. खुशाल सांग. मला त्याने काही फरक पडत नाही. आणि आता घरी येण्याजाण्याचा, पत्राचा, कशाचाच संबंध ठेवू नकोस. बाबूला म्हणावं, पोरगी चांगली तयार केलीस.

आत्या

९ जुलै
(एक वर्षानंतर)

खडू,

संबंध ठेवू नकोस असं मी लिहिलं होतं. तू ठेवला नाहीस. पण मला लिहावं लागतंय.

परवा अपिलाचा निकाल लागला. कंपनी हरली. रखवालदाराला कामावर परत घ्यायचं आहे, मधल्या पगारासकट.

तू आधी कळवलंस, म्हणून मला त्या प्रश्नाचं उत्तर तयार करायला वर्ष मिळालं. वर्षभर शोधलं. जुने निकाल काढले, दोन ज्युनियरांना कामाला लावलं. सुनावणीत समोरच्या वकिलांनी तुझाच मुद्दा मांडला. न्यायाधीशांनी जबाब पुढे ठेवला आणि विचारलं, "तो झोपला होता हे त्याने याच्या आधी कुठे कबूल केलंय, ते दाखवा."

मी कागद चाळत राहिले.

"नाही ना?"

"नाही," म्हटलं.

"मग तुम्ही हा प्रश्न असा कसा विचारलात? तुमच्यासारख्या वकिलाने?"

मागे माझे ज्युनियर उभे होते. सगळे टेकडीवरचे. एकानेही हा जबाब वाचताना मला तो प्रश्न दाखवला नव्हता. दाखवायची हिंमत झाली नसेल किंवा दिसलाच नसेल. दोन्हीपैकी काय वाईट, ते मी अजून ठरवते आहे.

यंदा लॉला तुझा नंबर लागल्याचं आईने सांगितलं. सरकारी कॉलेज, यादीत बऱ्यापैकी वर. अभिनंदन माझ्याच्याने लिहवत नाही. तू मला भर कोर्टात खाली बघायला लावलंस, आणि ते तू माझ्या भावाच्या घरात बसून केलंस. हे मी विसरणार नाही. मी विसरावं अशी तुझीही इच्छा नसेल, असं वाटतं.

बाबूला त्या रविवारी मी जे बोलले, त्याबद्दल त्याला वेगळं लिहायला बसले होते. दोनदा फाडलं. तिसऱ्यांदा लिहीन, तेव्हा लिहीन. तू मध्ये पडू नकोस.

लॉ झालं की तू त्या रखवालदारासारख्या लोकांच्या बाजूने उभी राहशील, हे मला आत्ताच दिसतंय. रहा. पण कधी माझ्यासमोर आलीस तर मला आत्या म्हणायचं नाही. मीही तुला खडू म्हणणार नाही, तुझ्या पूर्ण नावाने हाक मारीन. तयारी करून ये. मी तुला सांभाळून घेणार नाही, आणि तू तशी अपेक्षा केलीस तर मला फार वाईट वाटेल.

आत्या